निरोगी आयुर्मान
आजारपण आणि अपंगत्व यांचा भार वजा करून उरणारी सरासरी वर्षे म्हणजे निरोगी आयुर्मान. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतातील आयुर्मान सुमारे ७० वर्षे होते, निरोगी आयुर्मान मात्र ६०च्या आसपास. हे झाले सरासरीचे; एकेका वृद्धाचे स्वावलंबन मोजण्यासाठी अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांची १९६३ मधील मोजपट्टी आजही वापरात आहे. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणे एवढेच ती पाहते. पण ती रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा म्हातारपणाबद्दल अधिक सांगून जाते. या रोजच्या गोष्टींत साधारणपणे आंघोळीला मदत आधी लागते, जेवायला सर्वांत शेवटी. त्याही आधी बाजारहाट, पैशांचा हिशेब, वेळेवर औषधे घेणे ही कामे अवघड होऊ लागतात. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगतात, मात्र त्यांची परावलंबनाची वर्षेही जास्त असतात.