रशियाला झारच लागतो?

रशियाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'त्या लोकांना डोक्यावर झार लागतोच.' भयंकर इव्हान, स्टालिन, पुतिन अशी नावं ओवली की झालं सिद्ध! (यातला स्टालिन जॉर्जियन होता, हे कुणाच्या लक्षात नसतं.)

ही समजूत पसरवण्यात खुद्द झारच्या दरबाराचा हात मोठा. १८३३ मध्ये शिक्षणमंत्री उवारोव यांनी ऑर्थोडॉक्स धर्म, एकाधिकारशाही आणि राष्ट्रीयत्व अशी त्रिसूत्री मांडली. राजनिष्ठा हाच रशियन स्वभाव, असं मग शाळा-विद्यापीठांतून शिकवलं जाऊ लागलं. आणि तेही कधी? त्याच झारविरुद्ध, पहिल्या निकोलसविरुद्ध, डिसेंबर १८२५ मध्ये सैन्याधिकाऱ्यांनी बंड केलं होतं. त्यातल्या अनेकांना संविधान हवं होतं. पाच जण फासावर गेले.

मागे गेलं तर नोव्हगोरोद दिसतं. तिथे 'वेचे' नावाची नगरसभा होती. १४७८ मध्ये मॉस्कोने शहर जिंकलं आणि सभेला बोलावणारी घंटाही उचलून नेली. पुढे नोव्हेंबर १९१७ मध्ये, बोल्शेविकांनी सत्ता घेतल्यानंतरच, संविधान सभेची निवडणूक झाली. स्त्रियांनीही मतदान केलं. बोल्शेविकांना जेमतेम चौथा हिस्सा मतं पडली. सर्वाधिक जागा समाजवादी क्रांतिकारक पक्षाला मिळाल्या. जानेवारी १९१८ मध्ये सभा भरली, रात्रभर चालली आणि पहाटे पहारेकरी दमल्याचं सांगून सदस्यांना घरी पाठवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी दारं बंद. लोकांनी कौल दिला होता. तो बंदुकवाल्यांनी मानला नाही.

दुसरा घोळ आपल्याकडचा: सोव्हिएत संघ म्हणजे रशिया. संघात १५ प्रजासत्ताकं होती. गंमत म्हणजे त्यांतल्या चौदांना आपापला कम्युनिस्ट पक्ष होता, रशियाला मात्र तो १९९० मध्ये मिळाला. त्याच वर्षी १२ जूनला रशियाने स्वतःचं सार्वभौमत्व जाहीर केलं. आज तो तिथला राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे.

आणि सध्याची एकवटलेली सत्ता? तिचं मूळ शोधायला इव्हानपर्यंत जायची गरज नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी विरोधात गेलेल्या संसदेवर रणगाड्यांतून तोफा डागल्या. अमेरिकेने त्यांचीच पाठराखण केली. डिसेंबरात आलेल्या नव्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला संसदेहून कितीतरी बलवान केलं. पुतिन यांनी ही घटना रद्द केली नाही, तिच्याच आधारे राज्य केलं. २०२० मध्ये दुरुस्ती करून आपले आधीचे कार्यकाळ मोजणीतून वगळून घेतले, इतकंच.