‘खंड पडला नसता तर’ : सैनिकाच्या नोकरीचे संरक्षण आणि संकेतार्थ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९४८ पासून रणगाडा दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा आहे. पूर्णवेळ सैनिक तेथे नित्य दिसतो. परंतु याच जिल्ह्यातील एखादा जोडारी साखर कारखान्यात नोकरी करीत असता प्रादेशिक सेनेतही नाव नोंदवितो आणि प्रसंगी सैनिकी सेवेसाठी बोलाविला जातो. परतल्यावर त्याच्या नोकरीचे काय? याचे उत्तर १९४८ च्या प्रादेशिक सेना अधिनियमातील कलम ७-अ देते. आणि ते उत्तर एका व्याकरणिक रूपावर उभे आहे.

नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या, त्यांहून कमी अनुकूल नसलेल्या अटींवर मालकाने त्याला पुन्हा कामावर घ्यावे, असा या कलमाचा आशय आहे. ‘असत्या’ हा संकेतार्थ होय. जे घडले नाही, ते घडले असे कल्पून त्याचा परिणाम सांगणे, हे त्याचे कार्य. ललित वाङ्मयात हे रूप बहुधा हळहळ व्यक्त करते. येथे ते कर्तव्य लादते. ‘असत्या’ऐवजी ‘होत्या’ योजिल्यास अर्थ पालटतो. दोन वर्षांनी परतलेल्या जोडाऱ्याला जुनेच वेतन मिळेल आणि त्या काळात सहकाऱ्यांना मिळालेल्या वेतनवाढीस तो मुकेल. संकेतार्थ ही दोन वर्षे त्याच्या खात्यात जमा धरतो.

‘कमी अनुकूल नसलेल्या’ हा दुहेरी नकारही निरर्थक नाही. ‘तितक्याच अनुकूल’ म्हटल्याने अटींना वरची मर्यादा पडली असती. नकाराने केवळ खालची मर्यादा ठरते.

अर्थात हे संरक्षण निरपवाद नाही. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत कामासाठी अर्ज केला नसल्यास मालकाला तो बचाव मिळतो. वाद निर्माण झाल्यास विहित प्राधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, योग्य अटींवर कामावर घेण्यास सांगू शकतो, किंवा सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई देववू शकतो. मात्र कर्तव्य टाळण्याच्या हेतूने आधीच कामावरून काढणारा मालक त्यातून सुटत नाही.

माजी सैनिकाचे संरक्षण निराळ्या काळात बोलते. ‘माजी’ हा शब्द मूळ अरबी, अर्थ ‘गेलेला’. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनी क गटात १० टक्के व ड गटात २० टक्के जागा अशा सैनिकांसाठी राखून ठेवल्या. तेथे विचार होतो तो घडून गेलेल्या सेवेचा : ती किती झाली, कोणत्या कारणाने संपली, निवृत्तिवेतन मिळाले की नाही. प्रादेशिक सैनिकाच्या बाबतीत मात्र न घडलेल्या नोकरीचा हिशेब मांडावा लागतो.

म्हणून अशा तरतुदी मराठीत आणताना ‘पूर्वीच्या अटींवर’ हा सुटसुटीत शब्दप्रयोग मोह पाडतो, तो टाळला पाहिजे. त्यात वाक्य आटोपशीर होते. पण परतलेल्या कामगाराची सैन्यात गेलेली वर्षे हिशेबातून गळतात.