घरकुलाचा अर्ज आणि नावांचा मेळ

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील म्हणत. आता त्यात आणखी एक भर घालायला हवी : घराचा अर्ज पाहावा भरून!

प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी २०१५ साली सुरू झाली व तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. (खेड्यांसाठीची योजना वेगळी आहे, तिचा विचार येथे नाही.) वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेले कुटुंब दुर्बल, ६ लाखांपर्यंतचे अल्प आणि ९ लाखांपर्यंतचे मध्यम उत्पन्न गटात मोडते. देशात कोठेही स्वतःचे पक्के घर नसावे आणि गेल्या २० वर्षांत सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा, या मुख्य अटी. अर्ज संगणकावर वा मोबाइलवर करता येतो. आरंभी याच अटींबद्दल चार-पाच प्रश्न येतात. मग आधार क्रमांक घालायचा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी दिला की पुढचे पान उघडते. जुना मोबाइल नंबर बंद पडला असेल तर गाडी इथेच थांबते, आणि आधार केंद्राची वारी चुकत नाही.

खरी अडचण मात्र नावांची आहे, आणि आम्हा सीमाभागातील लोकांना ती जरा जास्तच भोवते. आपली कागदपत्रे तीन भाषांत विखुरलेली. शाळेचा दाखला मराठीत, उतारा आणि रेशन कार्ड कन्नडमध्ये, बँकेचे पासबुक इंग्रजीत. लक्ष्मी हे साधे नाव घ्या. इंग्रजीत कोणी ते एक्स घालून लिहितो, कोणी के-एस-एच घालून. उताऱ्यावर तीच बाई 'लक्ष्मी कोम मारुती' असते, म्हणजे मारुतीची पत्नी लक्ष्मी. तेथे आडनावाचा पत्ताच नाही. माहेरचे बँक खाते तर अजून वडिलांच्या नावानेच चाललेले. माणसाला कळते की बाई एकच आहे, पण यंत्राला त्या चार बायका दिसतात.

त्यात योजनेचा कटाक्ष असा की घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे असावे. नियम उत्तमच आहे. परंतु लग्नानंतर नाव बदलते ते स्त्रीचेच, म्हणून जिच्यासाठी नियम केला तिचाच अर्ज अडकण्याची भीती अधिक.

आम्ही कॉमर्सवाले रोकडवही आणि पासबुक यांचा मेळ घालतो, तसाच मेळ अर्जापूर्वी घालावा. आधार, पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि जागेचा उतारा एका ओळीत मांडून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. फरक दिसल्यास आधी बँकेतले नाव दुरुस्त करावे, कारण ते सोपे. आधारवरील नाव साधारणपणे दोनदाच बदलून मिळते, तेव्हा तेथे घाई नको. विवाह नोंदणीचा दाखला हाताशी असावा. बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हेही विचारून घ्यावे, कारण पैसे थेट त्यातच येतात.

सायबरवाला घाईत फॉर्म भरतो आणि आपण 'बरोबर आहे' म्हणून मान डोलावतो. तसे करू नये. आई-मावशींबरोबर आपण स्वतः जाऊन पडद्यावरचे नाव वाचून दाखवावे. दोन्ही भाषा येतात त्यांनी एवढे तरी करावे. शेवटी मिळणारा अर्ज क्रमांक वहीत टिपून ठेवावा, नुसता मोबाइलवर नको.

अर्ज गेला म्हणजे घर मंजूर झाले असे नव्हे. तो नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे तपासणीला जातो. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला मदत हप्त्यांनी मिळते. बांधकाम कोठवर आले याचे फोटो जागेच्या नोंदीसह काढले जातात आणि त्यावर पुढचा हप्ता अवलंबून असतो. तेव्हा पाया घालण्याआधीच गवंड्याला सगळी रक्कम कबूल करून बसू नये.