फोटो आपले, त्यावरची मेहनतही आपलीच

दसरा-दिवाळीच्या सुमारास बऱ्याच घरांत नवा कॅमेरा येतो. कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर महिनाभर खल होतो, लेन्सची चौकशी होते, हप्ते ठरतात. काढलेले फोटो पुढे कशात सुधारायचे हा प्रश्न मात्र मेमरी कार्ड भरल्यावरच आठवतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घरात येतं, ते म्हणजे 'क्रॅक' केलेला फोटोशॉप. तो घेऊ नये. चोरीचा मुद्दा आहेच, पण क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या कॉम्प्युटरवर मुलांचे फोटो आणि बँकेचे पासवर्ड आहेत, त्याचं कुलूप असं आपल्याच हातानं काढून देणं फार धोक्याचं आहे.

तशी गरजही आज उरलेली नाही. एक रुपया खर्च न करता उत्तम प्रतीचं काम होईल अशी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. मात्र स्वस्त काय आणि महाग काय, हे केवळ आजच्या किमतीवरून ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. पाच-दहा वर्षं फोटोंवर केलेली मेहनत ते सॉफ्टवेअर सोडताना आपल्यासोबत येते का, ही खरी कसोटी.

आधी काम कोणतं आहे ते पाहू. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांचा फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आला. एक चित्र उघडायचं आणि त्याच्या कणाकणावर काम करायचं, अशी त्याची मूळ रचना. डिजिटल कॅमेरे आले, माणसं एका सहलीत चारशे फोटो काढू लागली आणि गरज बदलली. फोटो निवडायचे, त्यांचा उजेड आणि रंग सुधारायचे, तेच बदल शेजारच्या तीस फोटोंना लावायचे, हे काम मोठं झालं. त्यासाठी फोटोशॉप विकणाऱ्या अडोबीनंच २००७ मध्ये लाइटरूम आणलं. नवशिक्याला दहापैकी नऊ वेळा या दुसऱ्या प्रकारचंच सॉफ्टवेअर लागतं. मागचा विजेचा खांब काढून टाकायचा किंवा दोन फोटो जोडायचे, ही कामं क्वचित येतात. तरी आपल्याकडे शिकण्याची सुरुवात फोटोशॉपपासून होते आणि पहिल्या महिन्यातच लेयरच्या गुंत्यात उत्साह मावळतो.

या दुसऱ्या प्रकारच्या कामाचा कच्चा माल म्हणजे रॉ फाइल, कॅमेऱ्यानं जेपेग न बनवता जशीच्या तशी ठेवलेली सेन्सरची नोंद. जेपेग फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. आकडा कोरडा वाटतो, पण त्याचा अर्थ लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळतो.

ओसरीवर पणत्या लावलेल्या आहेत आणि आजी रांगोळीपाशी बसली आहे, असा फोटो घ्या. पणतीचा उजेड रंगाच्या मोजपट्टीवर साधारण १,९०० ते २,००० केल्विन इतका तांबूस असतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स सहसा इतका खाली उतरत नाही, त्यामुळे आजीचा चेहरा हळद माखल्यासारखा दिसतो. रॉ फाइल उघडून तापमानाचा स्लायडर २,५०० च्या आसपास आणला की कातडीचा रंग ओळखीचा वाटू लागतो. तिथंच थांबावं. आणखी खाली गेलात तर ज्योत पांढरी पडते आणि फोटोतली दिवाळीच निघून जाते. मग सावल्या थोड्या उजळाव्यात, म्हणजे नऊवारीचा काठ दिसू लागतो. त्यासोबत अंधारातले रंगीत दाणेही वर येतात, म्हणून नॉइज बेताचा कमी करावा, इतकाच की सुरकुत्या पुसल्या जाणार नाहीत. शेवटी हिस्टोग्रामची उजवी कड पाहावी. ज्योतीचा गाभा तिथं चिकटलेला असेल तर चालतं, पण गालावरचा उजेड चिकटलेला असेल तर तो तपशील गेला. फक्त लाल रंग कापला गेला असेल तर रॉ सॉफ्टवेअर उरलेल्या दोन रंगांवरून अंदाज बांधतं. तिन्ही कापले गेले असतील तर कितीही महागडं सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. हेच प्रयोग जेपेगवर केले तर गालावर डागासारखे पट्टे उमटतात, कारण मधल्या पायऱ्या कॅमेऱ्यानं आधीच टाकून दिलेल्या असतात.

कासच्या पठारावरच्या फोटोंची अडचण वेगळी आहे. तेरड्याचा गुलाबी-जांभळा रंग कॅमेऱ्याच्या लाल चॅनलला पटकन काठावर नेतो. घरी आल्यावर सॅच्युरेशन वाढवलं की पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात आणि सगळा गालिचा एकाच सपाट रंगाचा होतो. तिथं रंग वाढवण्याऐवजी गुलाबी भागाचा उजळपणा जरा उतरवला तर रंग आपोआप गडद वाटतो आणि पाकळी पाकळीच राहते. रंग आणि उजळपणा वेगवेगळे हलवता येणं हा सॉफ्टवेअरचा खरा गुण. फिल्टरांची संख्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येते, पण तिचा उपयोग फार थोडा.

हे सगळं फुकट करणारी दोन सॉफ्टवेअर मी नवशिक्यांना मनापासून सुचवते: डार्कटेबल आणि रॉथेरपी. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात, आणि कसलंही खातं उघडायला लावत नाहीत. डार्कटेबल २००९ मध्ये सुरू झालं, विंडोजवर ते २०१७ च्या डिसेंबरात आलं. त्यात फोटोंची मांडणी, तारे देणं, शोधशब्द लावणं अशी लाइटरूमसारखी सगळी सोय आहे. पहिल्यांदा उघडलं की मॉड्यूलची लांबलचक यादी पाहून छाती दडपते, हे खरं आहे. पण सुरुवातीला एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सिग्मॉइड, लेन्स करेक्शन, डीनॉइज आणि क्रॉप एवढंच पुरतं. बाकीच्यांना वर्षभर हात लावला नाही तरी चालेल. आठ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स चिप असली तर ते पळतं, नसली तर रडतखडत चालतं.

रॉथेरपी हे गाबोर होर्वाथ या हंगेरियन प्रोग्रामरनं सुरू केलेलं काम, २०१० मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. त्यात कॅटलॉग नाही, आपल्या फोल्डरमध्येच ते थेट काम करतं. ज्यांचे फोटो आधीच 'कोकण २०२३', 'ताईचं लग्न' अशा फोल्डरमध्ये नीट लावलेले आहेत त्यांना तेच सोयीचं पडतं. बारीक तपशील काढण्यात ते फार चांगलं आहे. दोन्हींच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. अगदी नवं मॉडेल असेल तर त्याची रॉ फाइल उघडायला या प्रकल्पांना काही महिने लागू शकतात, म्हणून आपला कॅमेरा त्यांच्या यादीत आहे का ते आधी पाहावं.

तोपर्यंत काय? कॅमेऱ्यासोबत हक्कानं मिळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आपण उगाच दुर्लक्ष करतो. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं २०२१ मध्ये आलेलं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप, ही सगळी मोफत आहेत आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेला रंग ती जसाच्या तसा देतात. फुजीफिल्मचं एक्स रॉ स्टुडिओ तर केबलनं जोडलेल्या कॅमेऱ्याच्याच प्रोसेसरवर काम करतं, त्यामुळे जुना लॅपटॉपही चालून जातो. ही सॉफ्टवेअर आपापल्या कंपनीच्या रॉ फाइलींसाठीच बनलेली असतात, एवढी एक मर्यादा.

फोनवर काम करायचं असेल तर स्नॅपसीड पुरेसं आहे. कॉम्प्युटर फारच अशक्त असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी वापरून पाहा. जाहिराती दिसतात, पण फोटो आपल्याच मशीनवर राहतो, कुठं चढवला जात नाही.

खांब काढण्यासारखी कामं आली की जिम्प आहे. बर्कलीच्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतात, त्यामुळे अनेक वर्षं खटकणारी उणीव भरून निघाली. जिम्प स्वतः रॉ फाइल उघडत नाही, ती डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे पाठवतं, त्यामुळे ही जोडी एकत्रच बसवून टाकावी. दुसरा पर्याय अफिनिटी. २०१५ पासून ते एकदाच पैसे भरून विकत मिळायचं, २०२४ मध्ये कॅन्व्हानं ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते मोफत केलं. वापरायला देखणं आणि सोपं आहे, फक्त कॅन्व्हाचं खातं लागतं.

मग लाइटरूम घ्यायचंच नाही का? लग्नांच्या ऑर्डर घेत असाल, आठवड्यात दोन हजार फोटो हातावेगळे करायचे असतील, तर जरूर घ्या. माणूस किंवा आकाश एका क्लिकमध्ये वेगळं करण्यात आणि नॉइज काढण्यात ते आज फार पुढे आहे, आणि वाचलेले तास कमाईत दिसतात. छंद म्हणून महिन्यातून दोन रविवार कॅमेरा बाहेर काढणाऱ्यानं मात्र हिशोब मांडावा. समजा लाइटरूमच्या भाड्यात महिन्याला ८०० रुपये गेले, तर पाच वर्षांत ४८,००० होतात. तेवढ्यात एक चांगली लेन्स येते आणि ती हप्ता थांबल्यावर बंद पडत नाही. शिवाय भाड्याच्या अटी आपल्या हातात नसतात. अडोबीची २० जीबीची स्वस्त फोटोग्राफी योजना जानेवारी २०२५ पासून नव्या ग्राहकांना मिळेनाशी झाली. पैसे भरणं थांबवलं तर लाइटरूम क्लासिकमध्ये जुने फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात, पण डेव्हलपचा विभाग बंद होतो.

फुकटचंही तसंच. आपल्याकडे घराघरात पिकासा होतं. कित्येकांनी त्यात रात्री जागून आत्या-मामांच्या चेहऱ्यांना नावं दिली होती. २०१६ मध्ये गूगलनं ते थांबवलं. केलेले बदल प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये असत, आणि फोल्डर नव्या डिस्कवर नेताना ती मागे राहिली की सगळं गेलं. अॅपलनं अॅपर्चर बंद करायचं २०१४ मध्ये जाहीर केलं. कॅप्चर वनची मोफत एक्स्प्रेस आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. फुकट आणि मुक्त स्रोत यांतला फरक इथं पैशांपलीकडचा आहे. डार्कटेबलची मंडळी उद्या थांबली तरी सोर्स कोड राहतो आणि दुसरं कुणी तो पुढे नेऊ शकतं.

तरीही डार्कटेबलमधले बदल लाइटरूममध्ये जसेच्या तसे उघडत नाहीत, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. म्हणून निवड कुठलीही असो, मूळ रॉ फाइल कधीच पुसू नका. डार्कटेबल फोटोशेजारी एक्सएमपी आणि रॉथेरपी पीपी३ नावाची छोटी फाइल ठेवतं. बॅकअप घेताना ती सोबत जाते ना ते पाहा. वर्षातले निवडक फोटो पूर्ण आकाराच्या जेपेगमध्ये, अगदी लाडके असतील तर टिफमध्ये वेगळे काढून ठेवा. शोधशब्द खुशाल देवनागरीत लिहा, 'आजी', 'हरिश्चंद्रगड', 'पालखी'. एक्सएमपीमधले तारे आणि शोधशब्द बहुतेक सॉफ्टवेअर वाचतात, तेवढी मेहनत तरी नव्या घरी सोबत येते.

निवड करताना यूट्यूबवरच्या तुलनांपेक्षा आपलेच फोटो वापरा. भाऊबीजेच्या सुट्टीत पणतीचा एक, भर उन्हातला एक, पावसाळी धुक्यातला एक, असे मोजके रॉ फोटो निवडा आणि तेच दोन सॉफ्टवेअरमध्ये तयार करा. कशात हात लवकर बसला ते कळेल. मग त्यातल्या एकाची आठ बाय बारा इंची प्रिंट काढा. इंचाला ३०० ठिपके धरले तर २,४०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलहूनही कमी, कुठलाही आजचा कॅमेरा तेवढे देतो. प्रिंट काळवंडलेली आली तर सॉफ्टवेअर बदलायला धावू नका. बहुतेक वेळा स्क्रीनचा उजेडच फार वाढवलेला असतो. प्रिंट स्क्रीनशेजारी धरून तो जुळेल इतका उतरवा, आणि फोटो पुन्हा उघडून एक्स्पोजर परत पाहा.