पूर, विमा आणि जमिनीचा इतिहास

‘पुराला जात नसते’ असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. पाणी चढले की वाडाही बुडतो आणि झोपडीही बुडते, असा या म्हणण्याचा अर्थ. हे विधान अर्धेच खरे आहे. पाण्याला जात नसेल. पण पाणी जिथे प्रथम शिरते आणि जिथून सर्वांत शेवटी ओसरते, त्या जमिनीवर कोणी राहावे हे कधीतरी कोणीतरी ठरवलेले असते. मी कृष्णाकाठचा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचे पूर मी पाहिले आहेत. तरीही हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी मी एक दूरचे गाव निवडतो आहे, कारण तिथे पुराचा इतिहास, पुराचा धोका आणि पुराचा विमा या तिन्ही गोष्टी लेखी स्वरूपात समोर आहेत.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एजकोम नावाची काऊंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा एक घटक आहे. कापूस आणि तंबाखू पिकवणारा हा ग्रामीण भाग. तेथे कृष्णवर्णीयांची संख्या निम्म्याहून अधिक आहे. टार नदीच्या एका काठावर टारबरो हे जुने शहर आहे आणि समोरच्या सखल काठावर प्रिन्सव्हिल हे छोटे गाव. १८६५ साली यादवी युद्ध संपले तेव्हा उत्तरेच्या सैन्याचा तळ या काठावर होता. मळ्यांवरून मुक्त झालेले गुलाम या तळाच्या आश्रयाला आले आणि तिथेच त्यांनी वस्ती केली. वस्तीला नाव दिले ‘फ्रीडम हिल’, म्हणजे स्वातंत्र्याची टेकडी. नावात टेकडी असली तरी जमीन दलदलीची होती. तिचे गोरे मालक या वस्तीच्या आड आले नाहीत याचे कारण उघड आहे : त्या जमिनीचा त्यांना फारसा उपयोग नव्हता. १८८५ साली या गावाला कायदेशीर दर्जा मिळाला आणि गुलामीत जन्मलेल्या टर्नर प्रिन्स या सुताराचे नाव गावाला देण्यात आले. कृष्णवर्णीयांनी स्थापन करून नोंदवलेले अमेरिकेतील हे सर्वांत जुने गाव समजले जाते.

मालकाने टाकून दिलेली जमीन हीच मुक्तीची जमीन झाली, आणि तीच नदीच्या वाटेतली जमीन होती. १८८९, १९१९, १९२४, १९४०, १९५८ : ही पुराची वर्षे या गावाच्या इतिहासात एकामागून एक येतात. शेवटी १९६७ साली सरकारने नदीकाठी मातीचा बांध पुरा केला. त्यानंतर सुमारे तीस वर्षे गाव कोरडे राहिले. सप्टेंबर १९९९ मध्ये आधी ‘डेनिस’ वादळाने जमीन भिजवली आणि मागोमाग ‘फ्लॉइड’ वादळ आले. टारबरोजवळ नदीची पूरपातळी १९ फुटांवर सुरू होते; त्या वेळी पाणी ४१ फुटांच्या वर गेले. बांध निरुपयोगी ठरला, सारे गाव पाण्याखाली गेले, दफनभूमीतल्या शवपेट्यासुद्धा वर येऊन तरंगल्या.

येथे ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाचा विचार केला पाहिजे, कारण याच शब्दांनी लोकांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला की पुढची नव्व्याण्णव वर्षे निश्चिंती, असा याचा अर्थ नाही. दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच याचा अर्थ. म्हणजे तीस वर्षे त्याच घरात राहणाऱ्या माणसाला असा पूर किमान एकदा पाहावा लागण्याची शक्यता शेकडा २६ होते. चार घरांपैकी एकावर अशी वेळ येणार असेल, तर तिला अपवाद म्हणता येत नाही. आणि बांध हा धोका नाहीसा करीत नाही, तो केवळ पुढे ढकलतो. बांध भक्कम असल्याचे प्रमाणपत्र मिळाले की मागची जमीन सरकारी नकाशावर धोक्याबाहेर जाऊ शकते. मग लोक निर्धास्त होतात, आणि विम्याची सक्तीही उरत नाही.

आता विम्याकडे वळू. अनेकांनी थोडे थोडे भरायचे आणि ज्या थोड्यांवर संकट येईल त्यांना त्यातून द्यायचे, हे विम्याचे तत्त्व. आगीला ते लागू पडते, कारण सगळा गाव एकाच दिवशी जळत नाही. पूर मात्र सगळ्यांना एकदम बुडवतो; शिवाय टेकडीवरचा माणूस पुराचा विमा घेतच नाही, काठावरचाच घेतो. म्हणूनच १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर खासगी कंपन्यांनी यातून अंग काढून घेतले. १९६८ साली अमेरिकी सरकारने स्वतःची पूरविमा योजना सुरू केली. घराच्या सर्वसाधारण विम्यात तिथे पूर धरला जात नाही. त्यासाठी ही वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि साधारणपणे ती घेतल्यानंतर तीस दिवसांनी लागू होते. म्हणजे ढग दिसल्यावर घेतलेला विमा कामाचा नाही. १९७३ च्या कायद्याने धोक्याच्या क्षेत्रात बँकेचे कर्ज काढून घर घेणाऱ्यावर हा विमा सक्तीचा झाला.

या सक्तीतच विषमता दडलेली आहे. विमा सक्तीचा होतो तो बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून. ज्याचे घर आजोबांपासून चालत आले, ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याच्यावर सक्ती नाही आणि त्याच्याजवळ विमाही नाही. दक्षिणेतील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या वारसांकडे येत गेली. कागदावर कोणा एकाचे नाव नाही, म्हणून पुरानंतरची सरकारी मदतही अडत असे. मालकीचे इतर पुरावे अधिक सैलपणे मान्य करण्याचा निर्णय व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. त्याच वर्षापासून विम्याचा हप्ता प्रत्येक घराच्या धोक्यानुसार ठरू लागला. हिशेबाच्या दृष्टीने हे न्याय्य दिसते. परंतु हा हिशेब घर नदीपासून किती अंतरावर आहे हे मोजतो. ते घर तिथे का आहे हे मोजत नाही.

१९९९ नंतर सरकारने प्रिन्सव्हिलला सांगितले : घरे आम्हाला विका आणि निघून जा. गावाच्या प्रतिनिधींनी तीन विरुद्ध दोन मतांनी हे नाकारले. यात वेडेपणा होता काय? घराची किंमत मिळाली असती. पण गुलामांनी उभारलेल्या स्वशासित गावाची किंमत कोणत्या रकान्यात लिहिणार होते? उलट बाजूही तितकीच खरी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मॅथ्यू’ वादळाचे पाणी बांधाला वळसा घालून पुन्हा गावात शिरले. म्हणून इतिहासाचा अभिमान लहान मुलांना पाण्यात ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही. पुढे गावासाठी पूरक्षेत्राबाहेर ५३ एकर जमीन घेण्यात आली. गाव मोडून माणसे विखुरण्यापेक्षा गावाला गाव म्हणून उंचावर जागा देणे, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो.

१९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतले साम्य नोंदवले होते. १९७२ साली मुंबईत पँथरने आपले नावच तिकडून घेतले. हे साम्य भाषणापुरते राहू नये. आपल्याकडे २०१६ पासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना पिकाचा विमा उतरवते, घराचा नाही. ज्याच्या नावे पीक नाही त्या शेतमजुराची बुडालेली मजुरी, शेळी, भांडीकुंडी यांची नोंद त्यात कुठेच होत नाही. त्याच्या वाट्याला येते ते सानुग्रह अनुदान. विमा हा हक्क असतो, अनुदान ही मेहेरबानी. हा फरक कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे.

म्हणून माझी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना विनंती आहे. आपल्या वस्तीत प्रत्येक पुराचे पाणी कुठवर आले याच्या खुणा भिंतींवर वर्षासह रंगवा. म्हाताऱ्या माणसांकडून जुने पूर लिहून घ्या. घर कोणाच्या नावे आहे, घरपट्टीची पावती कोणाकडे आहे, हे पाणी येण्याआधी पाहा. आणि पुनर्वसनाची बैठक भरेल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, की आम्हाला या सखल जागेवर बसवले कोणी? या प्रश्नाचे उत्तर नोंदवल्याशिवाय काढलेली पूररेषा अपुरी आहे.