बकेट सपाट आहे, कशावरून?



गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या आवारातून प्रेसमडच्या ट्रॉल्या बाहेर पडू लागतात. पूर्वी ट्रॉली भरायची म्हटली की पाट्या आणि खोरी घेऊन चार-पाच गडी लागत. आता ट्रॅक्टरच्या तोंडाला लोडर बसला आणि गड्यांचं काम बकेट करू लागलं. शेणखत भरणं, मुरुम टाकणं, बांध सारखे करणं, पाटातला गाळ काढणं, सगळं काम लोडरवर आलं. ही सोय मोठी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. परंतु या यंत्राची एक बारीक गोष्ट आहे, ती ना विकणारा सांगतो ना विकत घेणारा विचारतो. ती म्हणजे, बकेटचा तळ जमिनीला सपाट लागलाय की नाही हे सीटवर बसून ओळखायचं कसं?

गोष्ट लहान दिसते. तिच्यापायी माझी दहा गुंठे जमीन पाच वर्षं मागं गेली, म्हणून हा लेखप्रपंच.

माझ्याच रानातली गोष्ट

आमचं रान माळाकडचं. उपसा योजनेचं पाणी आलं आणि ज्वारी-मटकीच्या रानात ऊस करायचं ठरलं. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पाण्यावर कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या बाजूला अशी कितीतरी रानं उसाखाली आली. माळाच्या रानाला माती जेमतेम हातभर, खाली मुरुम. रानाला एका अंगाला चढ होता. भाड्यानं लोडर आणला, चढ दाखवला आणि मी दुसऱ्या कामाला गेलो. ही माझी पहिली चूक.

संध्याकाळी आलो तर रान लांबून झकास दिसत होतं. शेजारचे आबा बांधावर उभे होते. त्यांचं सगळं आयुष्य बैलांच्या केणीमागं गेलेलं. त्यांनी ड्रायव्हर पोराला विचारलं, "बाळा, बकेट सपाट धरलं हुतंस व्हय?"

पोरगा म्हणाला, "व्हय आबा, एकदम सपाट."

"कशावरनं?"

पोराला उत्तर आलं नाही. आबांनी पायानं माती सारली. खाली पिवळा मुरुम. "आरं, काळं सोनं खालच्या तालीला नेऊन वतलंस की रं."

पुढच्या वर्षी त्या दहा गुंठ्यांत ऊस पिवळा पडला. चुनखडीचा मुरुम वर आला की उसावर केवडा पडतो, तसाच पडला. खोडवा तर ठेवण्यासारखाही नव्हता. शेणखत, प्रेसमड, ताग गाडून गाडून जमीन आता कुठं माणसात येते आहे.

हिशेब करून बघा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. गुंठ्यावरनं एक इंच माती काढली की सुमारे ९० घनफूट होते. एकरावरनं एक इंच म्हणजे ३६३० घनफूट, ३६ ब्रास. माझ्या दहा गुंठ्यांत तीन इंच जादा गेली, म्हणजे २७ ब्रास माती. विकत आणायची म्हटलं तर काय भाव पडेल ते ज्याचं त्यानं ठरवावं.

सीटवरून खोटं का दिसतं

केणीवाल्याचा हात दांड्यावर असायचा. दांडा उचलला की पातं मातीत शिरायचं, दाबला की वर यायचं. पातं किती खाली आहे ते मनगटाला कळायचं. लोडरवर हात लिव्हरवर असतो आणि लिव्हरला मातीचं काही कळत नाही. तिथं सगळी भिस्त डोळ्यांवर. आणि डोळ्यांना सीटवरून दिसतं ते बकेटचं पाठीमागचं अंग आणि वरची कड. खालचा तळ आणि पातं बॉनेटच्या आणि बकेटच्या आड.

बहुतेक ड्रायव्हर वरची कड बघून अंदाज बांधतात. पण पुष्कळ बकेटांची वरची कड तळाला समांतर नसतेच. कड सपाट दिसली म्हणजे तळ सपाट झाला असं नव्हे.

दुसरं म्हणजे चूक अगदी बारीक असते. बकेटचा तळ पुढून मागं अडीच फूट धरा, म्हणजे ३० इंच. पातं टाचेपेक्षा एक इंच खाली असलं तर कोन होतो जेमतेम दोन अंशांचा. एवढा फरक आठ-नऊ फुटांवरून कुणाच्याच डोळ्याला कळणार नाही. पातं मात्र तेवढ्यानंही ट्रॅक्टर पुढं जाईल तसं आत आत ओढत राहतं.

खूण कशी करून घ्यावी

याला उपाय गवंड्याच्या पिशवीत आहे. पाणसळ. एकदाच अर्धा तास काढा.

पक्की सपाट जागा बघा. सिमेंटचं अंगण किंवा गोडाऊनची फरशी चालेल. पुढच्या दोन्ही टायरांत हवा सारखी आणि नेमानुसार आहे याची खात्री करा. एक टायर नरम असला तर बकेट एका अंगाला कलतं आणि सगळी मापं चुकतात. बकेट रिकामं करून फरशीवर टेकवा. टाच आणि पातं दोन्ही सारखी टेकेपर्यंत लिव्हर हळूहळू हलवा. मग इंजिन बंद करून खाली उतरा. पात्याखाली पोस्टकार्डाचा कागद सरकवून बघा. दोन्ही कोपऱ्यांत आणि टाचेखाली तो सारखाच अडकला पाहिजे. फरशीवर आणि बकेटच्या तळात पाणसळ ठेवून बुडबुडा ताडून पाहा.

आता खूण. लोडरचा हात आणि बकेट जिथं पिनेनं जोडलेत तिथं, सीटवरून दिसेल अशा बाजूला, एक पांढरी रेघ हातावर आणि तिच्यासमोर एक रेघ बकेटच्या कानावर ओढा. रेघेला रेघ भिडली की बकेट सपाट.

याहून सोयीचा प्रकार गजाचा. चार सुती सरळ गज घ्या. त्याचं पुढचं टोक बकेटच्या वरच्या अंगाला पिनेनं अडकवा, म्हणजे ते फिरेल. मागचं टोक लोडरच्या हातावर बसवलेल्या पाइपच्या सैल तुकड्यातून जाऊ द्या. बकेट पुढं पडलं की गज पुढं सरकतो, मागं वळलं की मागं येतो. बकेट फरशीवर सपाट असताना पाइपच्या तोंडाशी गजावर लाल पट्टी रंगवा. ड्रायव्हरला मान वाकवायची गरज नाही, लाल पट्टी तोंडाशी आली की काम झालं. गावातल्या वेल्डिंगवाल्याचं हे तासाभराचं काम आहे. फक्त जॅकच्या दांडीला किंवा नळीला वेल्डिंग लावू देऊ नका, सील जळतं आणि तेल गळू लागतं.

वर उचलल्यावर खूण चालत नाही

इथं पुष्कळजण फसतात. ही खूण बकेट जमिनीवर असतानाची. साध्या लोडरवर हात वर उचलला की बकेटही हाताबरोबर तेवढंच मागं कलतं. खाली सपाट असलेलं बकेट ट्रॉलीच्या उंचीला गेलं की तोंड आभाळाकडं करतं आणि भरलेलं प्रेसमड मागं बॉनेटवर, नाहीतर ड्रायव्हरच्या अंगावर येतं. म्हणून हात वर जाईल तसं बकेट थोडं थोडं पुढं सोडत जावं लागतं. काही लोडरांना जादा दांड्यांची जोडणी असते, ती बकेट आपोआप सपाट ठेवते. आपला लोडर कुठल्या प्रकारचा आहे हे रिकामं बकेट सावकाश उचलून एकदा बघून घ्यावं.

माती आणि लोखंड काय सांगतं

खूण नसली तरी रान खोटं बोलत नाही. ट्रॅक्टर पुढं गेल्यावर उतरून मागं बघावं. बकेट जिथं शिरलं तिथं पायरी पडली असेल, ढेकळं निघाली असतील, पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग सैल लागत असेल, तर पातं खाली झुकलंय. उलट माती कापली न जाता चोपून गुळगुळीत झाली असेल आणि पुढं ढीग राहत असेल, तर तोंड वर आहे आणि टाच घासतेय.

भाड्याचा लोडर बांधावर आला की आधी बकेटचा तळ बघा. टाच चकचकीत घासलेली असली तर ड्रायव्हरला तोंड वर धरायची सवय आहे. पात्याची धार गोल होऊन वाकली असेल तर नाक खुपसायची सवय आहे. तळ सगळीकडं सारखा झिजला असेल तर तो ड्रायव्हर कामाचा, त्याला चहा आधी द्यावा.

रान सपाट करणं हे वेगळं काम

बकेट अगदी बरोबर धरलं तरी लोडर म्हणजे लेव्हलर नव्हे. बकेट चाकांच्या पुढं असतं. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की बकेट वर उचललं जातं. चाकं खड्ड्यात उतरली की तेच बकेट माती उकरतं. म्हणजे रानातला चढउतार ते मोडत नाही, उलट पुढं नेऊन वाढवतं. शिवाय बकेट चाकांना समांतर असतं, पाण्याच्या पातळीला नव्हे. ट्रॅक्टरच उतारावर उभा असला तर खूण बरोबर असूनही काम उतारालाच होणार.

म्हणून लोडरनं ढीग हलवावेत, उंचवटे मोडावेत, आणि शेवटचा हात मागं ओढल्या जाणाऱ्या लेव्हलरनं फिरवावा. लेझर लेव्हलर भाड्यानं मिळत असेल तर उत्तमच. त्यात किरणाच्या खुणेवर पातं आपोआप वरखाली होतं. त्याआधी पारदर्शक पाणनळीनं रानाच्या चारी कोपऱ्यांची पातळी घेऊन खुंट्या ठोकाव्यात. सरीला उतार किती द्यायचा तेही खुंटीवरच ठरवावं. शंभर फुटांना तीन इंच उतार म्हणजे पाव टक्का. डोळ्याला तो दिसत नाही, पण पाण्याला कळतो.

माळाच्या रानात एक पथ्य हवंच. वरची माती आधी खरडून एका बाजूला ढीग लावा, मग खालचा मुरुम सारखा करा आणि शेवटी माती परत पसरा. डिझेल जादा जाईल, माझ्यासारखी पाच वर्षं जाणार नाहीत.

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागातल्या काळ्या भारी रानांची गोष्ट उलटी. तिथं माती खोल आहे, पण सखल जागी पाणी तुंबतं आणि क्षार वर येतात. लोडरनं केलेला दोन इंचांचा खोलगट भाग हा क्षारपडीला आमंत्रण ठरतो. दारं धरणाऱ्याला विचारा, पाणी कुठं उभं राहतं ते त्याला पाठ असतं.

जिवाची काळजी

पातळी बघायला उचललेल्या बकेटखाली कुणीही वाकू नये. पाइप फुटला की बकेट क्षणात खाली येतं. बघायचं ते बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून. भरलेलं बकेट नेताना गुडघ्याच्या वर नेऊ नये. बांधावरून, तालीवरून वळताना तर नाहीच. मागं वजन बांधल्याशिवाय लोडर चालवू नये, मागची चाकं हलकी झाली की ब्रेकही लागत नाही. पोराटोरांना बकेटमध्ये बसवून मिरवणं बंद करावं.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथल्या लोखंडी नांगरानं आपल्या भागातल्या शेतकऱ्याला यंत्राची ओळख करून दिली. तेव्हाही नांगर किती खोल लावायचा हे धरणाऱ्यालाच शिकावं लागलं. आज लोडरच्या बाबतीत तेच आहे.

आबा आता थकले. परवा त्यांना माझ्या लोडरवरची लाल पट्टी दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हंजी केणीचा दांडाच की रं ह्यो." त्यांना बरोबर कळलं होतं.

तरी सभासद बंधूंनी या हंगामात प्रेसमड उचलण्यापूर्वी आपापल्या लोडरवर ही खूण करून घ्यावी, आणि भाड्याच्या ड्रायव्हरला बांधावरच विचारावं, "बकेट सपाट आहे, कशावरून?" त्याला उत्तर देता आलं तरच त्याला रानात सोडावं.