पाण्याला आधी वाट

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत होता त्या काळी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, विनोबांचा जन्म येथे झाला. आणि १९५१ सालापासून भूमिदान मागत ज्यांनी देश पायी पालथा घातला, त्यांच्या बालपणाची पहिली वर्षे सह्याद्रीच्या पायथ्याच्या याच जमिनीवर गेली. त्या जमिनीकडे येथे घरबांधणीच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. कारण मुंबईच्या सान्निध्यामुळे पेण-खालापूरच्या पट्ट्यात वरकस जमिनीचे तुकडे अकृषिक होऊन त्यांवर घरे उभी राहत आहेत, आणि घराच्या नकाशावर महिनोन्‌महिने खल करणारी माणसे जमीन घडवण्याचे काम मात्र यंत्रवाल्याच्या दोन दिवसांच्या मर्जीवर सोपवतात, हे मला मनापासून खटकते.

या मुलखात वर्षाकाठी सरासरीने तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने केवळ एका गुंठ्यावर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी उतरते. शिवाय माथ्यावरच्या डोंगराचे जे वाहून येते ते निराळेच. मातीच्या पातळ थराखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ अशी येथील भूमीची सर्वसाधारण रचना असल्यामुळे, वरून मुरलेले पाणी कातळावर अडते, त्याच्या उतारावरून आतल्या आत सरकत जाते आणि जेथे उतार कापला जाईल तेथे उमाळ्याच्या रूपाने बाहेर येते. घरासाठी सपाट जागा काढावी म्हणून डोंगराच्या अंगाला उभा छेद देणारा मनुष्य वस्तुतः दोन गोष्टी एकाच वेळी करीत असतो: वरच्या मातीचा खालचा आधार काढून घेतो आणि भूगर्भातल्या पाण्याला आपल्या मागच्या दाराशी तोंड करून देतो.

उतार सपाट करण्याची विद्या कोकणच्या शेतकऱ्याला नवी नाही. वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला लोटायची, कडेला बांध घालायचा आणि जादा पाणी सांडव्यातून खालच्या खाचरात उतरवायचे, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. परंतु खाचराचा हेतू पाणी धरून ठेवण्याचा, आणि घराच्या जागेचा हेतू ते दूर सारण्याचा. म्हणूनच जुन्या खाचरातील चिखलणीच्या मातीवर मुरमाचा भराव टाकून त्यावर जोते उचलणे धोक्याचे असते. खालची चिकण माती पाणी पिऊन मऊ होते आणि भराव घरासह खचतो. ती माती, मुळे आणि पालापाचोळा यांसकट, प्रथम उकरून बाजूला ठेवावी. पुढे परसबागेला तिच्याइतकी मोलाची वस्तू नाही.

भरावाचे शास्त्र लोक समजतात त्याहून सूक्ष्म आहे. घट्ट जमिनीतून खणलेला एक ब्रास मुरूम पोकळ होऊन सव्वा ब्रासाच्या आसपास भरतो, आणि ही पोकळी दाबून काढली नाही तर पहिला पाऊस ती काढतो. म्हणून मुरूम सुमारे वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांनी पसरून प्रत्येक थरावर रूळ फिरवावा, अरुंद जागी दुरमुसाने ठोकावे, आणि थर कोरडाही नसावा व चिखलाचाही नसावा. अमुक एका ओलीलाच माती सर्वाधिक दाबली जाते, हे प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली प्रयोगाने दाखवून दिले. अर्धे घर खोदाईच्या घट्ट जमिनीवर आणि अर्धे ताज्या भरावावर बसवणे ही तर भिंत उभी चिरण्याची निश्चित सोय होय. पाया सर्वत्र मूळच्या मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत गेलाच पाहिजे. पायाचे चर दीड मीटरपेक्षा खोल जात असतील तर त्यांच्या बाजूंना आधार दिल्याविना मजुराला आत उतरवू नये.

पाण्याच्या बंदोबस्ताला प्रारंभ घरापासून नव्हे, डोंगराच्या बाजूने करावा. छेदाच्या माथ्यावर आडवा चर खणून वरून येणारे पाणी घराला वळसा घालून ओहोळापर्यंत न्यावे; शेजाऱ्याच्या हद्दीत सोडून मोकळे होऊ नये. आधारभिंतीच्या पाठीशी दगडगोटे भरून भिंतीत पाणी झिरपण्याची भोके ठेवावीत, कारण अशा भिंती मातीच्या भारापेक्षा तिच्यामागे तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने अधिक ढासळतात. जोते भोवतालच्या जमिनीपासून निदान पंचेचाळीस सेंटिमीटर उंच असावे, आणि त्याच्या चहूबाजूंच्या जमिनीला पहिल्या तीन मीटरांत पंधरा सेंटिमीटर बाहेरचा ढाळ असावा.

हे सारे केवळ पुस्तकी नाही, याचा दाखला पुणे जिल्ह्यातील माळीण गावाने दिला आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून तेथे दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. उरलेल्या कुटुंबांसाठी आमडे येथे उतार घडवून नवे गाव वसवले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. परंतु त्याच वर्षीच्या जून महिन्यातल्या पहिल्याच जोरदार पावसात त्या नव्या वसाहतीत भराव खचला आणि रस्त्यांना व गटारांना तडे गेले. एकदा डोंगराखाली आप्त गमावलेल्या माणसांना पायाखालची जमीन पुन्हा हलताना पाहावी लागली, याहून दुःखाची गोष्ट कोणती असणार? भराव नवा असेल तर त्याला स्थिरावण्यास अवधी हवा, एवढे तरी त्यातून प्रत्येक बांधणाऱ्याने घ्यावे.

कचेरीचे सोपस्कार, म्हणजे लागणारे परवाने आणि हद्दीची मोजणी, हे वेळीच उरकता येतात. परंतु उमाळा कोठे फुटतो हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते. यासाठी जमीन घेतल्यावर एक पावसाळा ती तशीच राहू द्यावी, आषाढ-श्रावणात छत्री घेऊन तिच्यावरून हिंडावे, गावातल्या वृद्धांना सोबत घेऊन पाणी कोठून येते, कोठे साचते आणि कोठे नाहीसे होते ते विचारावे व त्या-त्या ठिकाणी खुंट्या ठोकाव्यात. आणि मार्गशीर्षात जमीन वाळल्यावर माथ्यावरचा चर प्रथम, घराचा पाया नंतर, या क्रमाने कुदळ चालवून मृग लागण्यापूर्वी मातीकाम आटोपावे.